लाकडी होडीचं व्हार्निश आणि ऊन: पोपडे का धरतात, किती हात द्यावेत, काय झाकावं

सुतारपक्षी

होडीच्या रंगावरच्या चर्चेच्या धाग्यावर व्हार्निशचा विषय सारखा मध्ये घुसतोय, म्हणून तो इथे वेगळा काढतो. बोलायचं ते फक्त पाण्यावरच्या भागाबद्दल: काठपट्ट्या, डोलकाठी, सुकाणूचा दांडा, केबिनच्या बाजू. तळाच्या रंगाचं शास्त्र निराळं आहे, ते इथे नको.

पोपडे दिसले की "व्हार्निश हलकं निघालं" म्हणून डबा बदलला जातो. त्याआधी एक पोपडा नखाने उचला, उलटा करा आणि उजेडात तिरका धरून बघा. आतल्या बाजूला बारीक फिकट कूस चिकटलेली दिसली, तर व्हार्निश सुटलेलंच नाही, लाकडाचा वरचा पापुद्रा सुटलाय. हे उन्हाचं काम. आतली बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर पूर्वतयारीत चूक आहे: लाकूड ओलं होतं, सागाचं तेल वर आलं होतं, मेण किंवा सिलिकॉन लागलं होतं, नाहीतर फार बारीक पेपर मारून लाकूड काचेसारखं केलं होतं. आणि पोपड्याखाली लाकडाऐवजी जुनं व्हार्निशच चमकत असेल, तर दोन हातांच्या मधलं घासणं राहिलंय. तिन्हींवर इलाज वेगवेगळे आहेत.

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून असतात ते लिग्निनमुळे, आणि लिग्निन अतिनील किरण शोषून फुटतं. व्हार्निश पारदर्शक, म्हणजे उजेड आत जाणारच. अतिनील किरण लाकडात साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दिसणारा प्रकाश २०० मायक्रॉनपर्यंत शिरतो. कागदाच्या पानाएवढी ही जाडी, पण तेवढी सैल झाली की वरचं व्हार्निश धडधाकट असूनही त्याला पकडायला काही राहत नाही.

चांगल्या मरीन व्हार्निशमध्ये अतिनील किरण अडवणारी द्रव्यं असतात, पण ती उन्हात हळूहळू खर्ची पडतात आणि वरचा थर झिजतही जातो. म्हणून माझ्या मते ब्रँडच्या वादाला फार अर्थ नाही. थर पुरेसा जाड आहे का, आणि वरचा हात मरायच्या आत नवा दिला जातो का, एवढ्यावर सगळं ठरतं.

भरतीओहोटी

पोपडा उलटा करून बघायची युक्ती उत्तम. एक शंका: डब्यावर "किमान ३ हात" लिहिलेलं असतं आणि जाणकार ८ म्हणतात. नेमके किती? आणि पातळ करून द्यायचे ते कसे?

रंधा

हिशेबच मांडू. ब्रशने १ लिटर व्हार्निश साधारण १२ चौरस मीटरला पुरतं. म्हणजे ओला थर ८३ मायक्रॉनच्या आसपास. त्यातला निम्मा भाग थिनर, तो उडून जातो. सुकल्यावर उरतात ४० मायक्रॉन. पुढच्या हाताआधी घासताना त्यातले ५-१० जातात. पहिले दोन-तीन हात पातळ असल्याने त्यांची जाडी आणखी कमी भरते. म्हणजे ३ हातांत हाती काय लागलं? जेमतेम ६०-७० मायक्रॉन. घरातल्या टेबलाला चालेल, होडीला नाही. ८ हातांनी २००च्या आसपास पोचता, तिथून खरं संरक्षण सुरू होतं. आडव्या भागांना १० द्या.

कोऱ्या लाकडाला क्रम असा:

पहिला हात: निम्मं व्हार्निश, निम्मं त्याच कंपनीने सांगितलेलं थिनर.
दुसरा: चार भागांत एक भाग थिनर.
तिसरा: दहा टक्के थिनर.
चौथ्यापासून नुसतं व्हार्निश, फारच ओढत असेल तर पाच टक्के.

पातळ हात आत मुरून पकड देतो, जाड हात ऊन अडवतो. "पातळच चांगलं बसतं" म्हणून सगळे आठही हात पातळ देणाऱ्यांची होडी दिसायला सुंदर असते आणि पहिल्याच उन्हाळ्यात फिकी पडते.

३ चौरस मीटरच्या काठपट्ट्यांना ८ हात म्हणजे २४ चौरस मीटर, म्हणजे २ लिटर. सांडलवंड आणि नंतरची डागडुजी धरून अडीच घ्या.

सुतारपक्षी

रंधाभाऊंच्या हिशेबाला एक जोड. कड जर काटकोनात धारदार असेल तर ओलं व्हार्निश तिथून मागे सरकतं आणि थर निम्माही राहत नाही. पोपडे नेहमी कडेपासून सुरू होतात ते यामुळेच. सगळ्या कडा किमान ३ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल करा. फळीच्या टोकाला, जिथे तंतू आडवे कापलेले असतात, तिथे लाकूड नळीसारखं पाणी ओढतं. तिथे पातळ हात पोट भरेपर्यंत द्या, म्हणजे ओलं असतानाच पुन्हा पुन्हा, शोषणं थांबेपर्यंत.

वल्हं

घासायचे पेपर कोणते? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

रंधा

कोरं लाकूड: ८० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) जुन्या खुणा काढायच्या, मग १२०, शेवटी १५०. सागवान १२० वरच थांबवलं तरी चालतं. त्यापुढे गेलात की पृष्ठभाग चकचकीत होतो आणि व्हार्निशला धरायला जागा राहत नाही. दोन हातांच्या मध्ये २२०, शेवटच्या दोन हातांआधी ३२०. घासणं नेहमी लाकडाच्या रेघेच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेने. आडवे ओरखडे पहिल्या हातात दिसत नाहीत, चौथ्यात ठळक दिसतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

स्टील वूल होडीजवळ आणूच नका. त्याचे तुकडे रेघेत अडकतात, गंजतात आणि सागवान-ओकसारख्या लाकडात काळे ठिपके उमटवतात. त्याजागी नायलॉनची घासणी वापरा.

जुनं व्हार्निश काढायचं असेल तर हीट गन आणि धारदार स्क्रेपर. व्हार्निश मऊ पडून सुरकुतलं की लगेच ओढा, बुडबुडे येऊन तपकिरी होईपर्यंत थांबू नका, नाहीतर लाकूड भाजेल. डिंकाने किंवा इपॉक्सीने (हार्डनर मिसळला की कडक होणारी राळ) जोडलेल्या सांध्यांपाशी गन नको, तिथे नुसता स्क्रेपर.

आणि लाकूड कोरं केलं की ते उन्हात तसंच ठेवू नका. दोन-तीन आठवडे उघड्यावर राहिलेल्या कोऱ्या लाकडावर नंतरच्या थराची पकड स्पष्टपणे कमी होते, कारण लिग्निन फुटणं तेव्हाच सुरू झालेलं असतं. राहिलंच तर पुन्हा हलकं घासून ताजं लाकूड वर आणा आणि मगच पहिला हात द्या.

खारा_वारा

सागवानाबद्दल: घासून झाल्यावर स्वच्छ पांढऱ्या फडक्याला अ‍ॅसिटोन लावून पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. अ‍ॅसिटोन उडाला की १५-२० मिनिटांत पहिला हात गेला पाहिजे, कारण आतलं तेल पुन्हा वर येतं. आधी सगळी होडी पुसून मग ब्रश शोधायला जाऊ नका. एका वेळी हाताला येईल तेवढाच तुकडा पुसा आणि लगेच भरा.

लाकडातला ओलावा मीटरवर १५ टक्क्यांच्या खाली हवा, १२ असेल तर उत्तम. ओल्या लाकडावर दिलेलं व्हार्निश ऊन लागताच आतल्या वाफेने फुगतं. तो फोड दिसतो उन्हाने आलेला, पण मूळ दोष ओलाव्याचा.

भरतीओहोटी

हात द्यायला दिवसाची कोणती वेळ? एकीकडे म्हणतात दव पडायच्या आत सुकायला हवं म्हणून सकाळी द्या, दुसरीकडे म्हणतात तापमान उतरताना द्या. दोन्ही एकदम कसं जमायचं?

सुतारपक्षी

प्रश्न रास्त आहे. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या हातांसाठी.

कोऱ्या लाकडाच्या पोकळ्यांत हवा असते. लाकूड तापत असेल तर ती हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात बुडबुडे सोडते. म्हणून पहिले एक-दोन पातळ हात सावलीत, दुपार कलताना. ते पातळ असल्याने लवकर सुकतात आणि दवाच्या आत बोटाला लागेनासे होतात. एकदा लाकूड बंद झालं की हवेचा प्रश्न संपला. मग पुढचे जाड हात सकाळी, दव पूर्ण उडाल्यावर आणि पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून. सूर्यास्ताआधी किमान चार तास काम थांबवा. ओल्या थरावर दव बसलं की चकाकी जाते, पांढुरकं धुकं येतं, आणि तो हात घासून पुन्हा द्यावा लागतो.

थेट उन्हात ब्रश नकोच. वर साय धरते, खाली थिनर अडकतो, आणि आठवड्यानेही नख रुततं. वर कापड ताणा, मग काम करा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर सुट्टी घ्या. लाकडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश वर पाहिजे.

खारा_वारा

ब्रशबद्दल दोन शब्द, कारण ऊन अडवणारा थर एकसारखा असणं तितकंच महत्त्वाचं. डबा हलवायचा नाही, हलवला की बुडबुडे येतात. सावकाश ढवळा, लागेल तेवढं गाळणीतून दुसऱ्या भांड्यात ओता आणि उरलेलं परत डब्यात ओतू नका. ब्रशचे केस एक तृतीयांशच बुडवा. आधी लांबीने पसरवा, मग आडवं ओढून सारखं करा, शेवटी नुसत्या टोकाने, वजन न देता, लांबीने एकदा फिरवा. उभ्या भागावर ओघळ आला आणि पाच मिनिटं उलटून गेली तर हात लावू नका. सुकल्यावर धारदार पट्टीने खरवडा.

दीपस्तंभ

मी वेगळा सूर लावतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तेल का नाही? जवसाचं किंवा तुंग तेल आत मुरतं, पोपडा धरायला थरच नसतो, पुढच्या वेळी धुवून पुन्हा चोळलं की झालं. स्क्रेपरचं कामच उरत नाही.

रंधा

दीपस्तंभ, देखभाल सोपी हे मान्य. पण थर नाही म्हणजे ऊन अडवणारंही काही नाही. तेलाने लाकूड पाणी कमी पितं, लिग्निन मात्र फुटतच राहतं. कडक उन्हात दर काही आठवड्यांनी हात फिरवावा लागतो, नाहीतर पृष्ठभाग करडा पडतो. जवसाच्या तेलावर दमट हवेत बुरशी धरते आणि लाकूड काळवंडतं. तुंग तेल त्या मानाने बरं. वल्ह्यांच्या मुठी, दांडे, हाताने सतत घासला जाणारा भाग, जिथे व्हार्निश टिकतच नाही, तिथे तेल योग्य. केबिनच्या बाजूंना नाही.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मधला रस्ता हवा असेल तर लोह ऑक्साइडचा बारीक रंगकण असलेले अर्धपारदर्शक थर मिळतात. ते अतिनील किरणांबरोबर दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतात, म्हणून साध्या व्हार्निशपेक्षा जास्त टिकतात. किंमत मोजावी लागते ती दिसण्यात: रेघ थोडी मळकट, नारिंगी छटेची दिसते. काहींना ते चालत नाही.

वल्हं

आणि इपॉक्सी? खाली इपॉक्सी, वर व्हार्निश केलं की कायमची सुटका, असं ऐकलंय.

सुतारपक्षी

कायमची वगैरे काही नाही. इपॉक्सी पाणी उत्तम अडवतं, उन्हापुढे मात्र ते व्हार्निशहून दुबळं. उघडं राहिलं तर पिवळं पडतं, मग भुकटी होते. त्याच्यावर ऊन अडवणारा थर लागतोच, ५-६ हात, आणि त्याची देखभालही तशीच.

करायचंच असेल तर: इपॉक्सीचे २-३ हात, पूर्ण कडक होऊ द्या, मग साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या घासणीने धुवा. कडक होताना वर मेणचट थर येतो, तो पाण्यात विरघळतो, थिनरने नीट निघत नाही. तो राहिला की व्हार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. धुतल्यानंतर १८०-२२० ने सगळी चकाकी जाईपर्यंत घासा.

जोखीम स्क्रूच्या भोकांशी आहे. तिथून पाणी शिरलं तर इपॉक्सीखाली अडकतं, बाहेर पडत नाही आणि लाकूड काळं पडतं. भोक मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर मधोमध नवं भोक पाडा. शिवाय साधं, खोलीच्या तापमानाला कडक होणारं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि गडद पृष्ठभाग उन्हात तिथवर सहज तापतो. फळ्याफळ्यांनी बांधलेल्या, पाण्यात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या होडीवर तर इपॉक्सी नकोच, सांध्यांवर चिरतं. चिकटवून घट्ट केलेल्या प्लायच्या किंवा पट्ट्यांच्या होडीला ठीक.

दीपस्तंभ

टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं पॉलियुरेथेनही त्याच नियमाने?

रंधा

हो, हलणाऱ्या लाकडावर नको. न हलणाऱ्यावर ते साध्या व्हार्निशपेक्षा कडक, चकाकी जास्त टिकवणारं. अ‍ॅलिफॅटिक प्रकारचंच घ्या, अ‍ॅरोमॅटिक उन्हात पिवळं पडतं. साध्या व्हार्निशवर टू-पॅक चढवू नका, खालचा थर सुरकुतून उचलला जातो. उलट चालतं: पूर्ण सुकलेलं टू-पॅक घासून त्यावर साधं व्हार्निश. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, ब्रशने लावतानाही ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (रसायनांची वाफ गाळणारा) मास्क आणि मोकळी हवा हवी. स्प्रे करायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर स्प्रे नाही.

फर्निचरचं मेलामाइन, लाखेचं पॉलिश, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, घरातल्या फरशीचं पॉलियुरेथेन हे चारही होडीच्या बाहेर नकोत. ठिसूळ असतात, ऊन अडवणारी द्रव्यंही बहुधा नसतात. फरशीवालं तर सोलून अखंड पट्ट्यांत निघतं.

खारा_वारा

सगळेच व्हार्निशच्या प्रेमात दिसता! आडव्या भागांना सरळ रंग द्या की. रंगातला कण प्रकाश अडवतोच, लिग्निनपर्यंत काही पोचत नाही. केबिनचं छत, आडव्या फळ्या रंगवा, फिकट रंगात. व्हार्निश उभ्या भागांपुरतं आणि काठपट्ट्यांपुरतं ठेवलं तर देखभाल निम्म्याहून कमी होते. गडद रंग मात्र टाळा: बाजू तापतात, फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि त्यात भरलेली लांबी (पुट्टी) बाहेर येते.

भरतीओहोटी

पटतंय. झाकण्याबद्दल कोणी सांगेल का? ताडपत्री चालते का?

खारा_वारा

निळी प्लॅस्टिकची ताडपत्री स्वतःच उन्हात काही महिन्यांत चुरते. शिवाय वाऱ्याने फडफडून कडांवरचं व्हार्निश घासून काढते आणि खाली वाफ धरते. धाग्यातच रंग असलेलं अ‍ॅक्रिलिक कापड सर्वांत चांगलं. सुती कॅनव्हास चालतं, पण ओलं राहिलं की बुरशी येते. कापडाआधी शिवण जाते, कारण साधा पॉलिएस्टर धागा उन्हात कमकुवत होतो. पीटीएफई (टेफ्लॉन) धाग्यावर उन्हाचा परिणाम होत नाही, महाग असला तरी आडव्या शिवणींना तोच घ्या.

कापड व्हार्निशला टेकता कामा नये. मध्ये आडवी काठी टाकून घराच्या छपरासारखा उतार द्या, ५-१० सेंटिमीटर हवा राहू दे, दोन्ही टोकांना हवेची वाट ठेवा. पूर्ण होडी झाकणं जमत नसेल तर निदान काठपट्ट्यांना आणि सुकाणूच्या दांड्याला खोळी शिवा. वरून येणारं ऊन अडलं की काम झालं असं मात्र नाही: पाण्यावरून आणि पांढऱ्या डेकवरून उसळलेलं ऊन काठपट्टीच्या खालच्या अंगालाही लागतं, म्हणून तिथेही हात तेवढेच.

वल्हं

नवे हात कधी द्यायचे ते कसं ओळखायचं?

सुतारपक्षी

चकाकी मंदावली आणि पाण्याचे मणी न होता पाणी पसरायला लागलं की वेळ झालीच. पण तोवर थांबूच नये, तोपर्यंत वरचा थर बराच खर्ची पडलेला असतो. वर्षभर कडक ऊन असेल तर आडव्या भागांना दर ४-६ महिन्यांनी, उभ्यांना वर्षातून एकदा. सौम्य ऊन असेल किंवा होडी झाकलेली असेल तर सगळीकडेच वर्षातून एकदा पुरतं. काम लहान आहे: गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, थिनरने पुसा, ३२० ने सगळी चकाकी मारा, धूळ काढा, दोन हात.

एरवी दर वापरानंतर गोड्या पाण्याने धुवून ओल्या शॅमॉयने (मऊ चामड्याच्या फडक्याने) पुसा. मिठाचे खडे भिंगासारखे लाकूड जाळतात असं म्हणतात. तितकं लांब जायची गरज नाही. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि पुसताना पॉलिश पेपरसारखं घासतं, एवढं कारण पुरे. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश व्हार्निशला लावू नका. पुढच्या हाताला जागोजागी गोल खड्डे पडतील आणि ते घासूनही सहज जात नाहीत.

वल्हं

शेवटचा प्रश्न. काठपट्टीवर तळहाताएवढा भाग सुटलाय, खाली लाकूड करडं, स्क्रूपाशी काळं. पूर्ण पट्टी खरवडावी लागेल?

रंधा

नाही. सुटलेलं व्हार्निश घट्ट थर लागेपर्यंत खरवडा, कडेला बोटाला पायरी लागणार नाही असा उतार घासून द्या. स्क्रू लोखंडी असेल तर आत्ताच बदला, ब्राँझ किंवा चांगलं स्टेनलेस. लोखंड राहिलं तर काळं पुन्हा येणारच.

डागासाठी १ लिटर कोमट पाण्यात ८०-१०० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात. हातमोजे आणि चष्मा घाला, हे विषारी आहे. ब्रशने फक्त उघड्या लाकडाला लावा, वाळू द्या, मग भरपूर पाण्याने तीनदा धुवा. नीट न धुता घासलंत तर ती भुकटी नाकात जाते आणि व्हार्निशही धरत नाही. दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मीटर लावा, १५० ने घासा. स्क्रूच्या भोकात पातळ व्हार्निश सोडा आणि स्क्रू बसवताना त्याखाली सीलंट द्या, सिलिकॉनचं नको.

मग फक्त त्या तुकड्यावर वरच्याच क्रमाने ५-६ हात, आजूबाजूच्या पातळीला येईपर्यंत. त्यानंतर पूर्ण पट्टी ३२० ने घासून सांध्यापासून सांध्यापर्यंत दोन हात. मध्येच कुठे थांबलात तर ती रेघ दिसत राहील. तुकडा सुरुवातीला फिकट दिसेल. तो जुळवायला स्टेन लावू नका. बाजूचं लाकूड उन्हाने गडद झालेलं आहे, हाही तुकडा हळूहळू त्याच रंगावर येतो. स्टेन लावलात तर काही महिन्यांनी तोच बाजूपेक्षा काळा दिसेल.